एकटीला विचारलं तेव्हा

मला बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. त्यावरचे उपचार सरकारी आरोग्यसेवेतच झाले आणि मी बरी झाले. आमच्या वाड्यावर शुगर, प्रेशर, गुडघेदुखी यांवर लोक मोकळेपणी बोलतात. मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेली बाई मात्र कुठे गेली होती हे घरातल्या घरातही दबक्या आवाजात सांगते. त्यामुळे पुढच्या बाईला त्या वाटेवर काय काय असतं ते कळतच नाही. ते कळावं म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर गोव्यात डिचोली तालुक्यात, सासर फोंड्याकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने मी सातव्या महिन्यानंतर आईकडे आले. नाव आरोग्य केंद्रात नोंदवलेलं होतं. दर खेपेला वजन, प्रेशर, लघवी, हिमोग्लोबिन. मग लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफीची तारीख. सगळं वेळच्या वेळी झालं. शेवटच्या दोन महिन्यांत मला झोप लागत नव्हती, पहाटे उगाच छातीत धडधडायचं. एकदा सांगितलं तेव्हा ‘पोट मोठं झालं की असं होतंच’ एवढं उत्तर मिळालं. तसं होतंही, म्हणून विषय तिथेच राहिला.

मुलगी ऐन पावसात झाली, सिझर करून. कळा देण्यात रात्र गेली, मग बाळाचे ठोके उतरायला लागले आणि मला घाईघाईने आत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हां दोघींना सुखरूप बाहेर काढलं, ते उपकार मी विसरणार नाही. वॉर्डात मात्र बाळंतीण म्हणजे टाके आणि दूध, एवढाच हिशोब. मला दूध उतरायला वेळ लागला. एका सिस्टरने भेटायच्या वेळेत, पडदा न ओढता, माझी छाती दाबून बघितली आणि मोठ्याने म्हणाली, ‘हिच्या मनातच नाही पाजायचं.’ समोरच्या खाटेवरच्या बाईची सासू वळून माझ्याकडे बघत राहिली. त्या सिस्टरच्या अंगावर किती खाटांचं काम होतं हे मला दिसत होतं. तरी ते वाक्य मी घरी घेऊन आले, आणि पुढे कित्येक रात्री बाळ रडलं की आधी तेच आठवायचं.

तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं. हे रडणं बहुतेक बाळंतिणींना येतं. शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप नसते, टाके दुखत असतात. दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. माझं रडणं थांबलं, पण त्याच्या जागी काहीच आलं नाही. आनंद नाही, दुःखही नाही.

आईने बाळंतपण जीव ओतून केलं. पहाटे उठून न्हाणीतलं भाण तापवायची, हळद-तेल चोळून कढत पाण्याने अंग शेकायची. पेज, मेथी, अळिवाचे लाडू, कशात कमी नाही. सटीच्या रात्री वाड्यावरच्या बाया येऊन जागल्या. त्यातली एक काकी बाळाच्या गालावरून हात फिरवत मायेनेच म्हणाली, ‘फुडल्या खेपेक चलो जातलो’, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा होईल. सगळ्या हसल्या. मी बाळाकडे बघितलं. ती मूठ तोंडात घालायची खटपट करत होती, आणि मला तिची कीवही येईना, मायाही येईना.

बाळ निजायचं, मी जागी. संध्याकाळी दिवे लागले की पोटात गोळा उठायचा, आता रात्र यायची म्हणून. पेजेचं ताट समोर असायचं, पेज निवून वर साय धरायची आणि मी तशीच बसलेली. न्हाऊन आल्यावर केस विंचरायला हात वर जायचा नाही. आणि तरीही बाळाचं एकही काम चुकलं नाही. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, टाळू भरणं, सगळं घड्याळाच्या ठोक्यावर. लोकांना वाटतं नैराश्य आलेली आई बाळाकडे बघत नसेल. मी सतत बघत होते. तिचा श्वास चालू आहे की नाही हे बघायला रात्रीत कितीदा उठायचे याला गणती नव्हती. म्हणूनच घरात कोणाला संशय आला नाही. उलट येणारीजाणारी म्हणायची, किती जपते ही लेकीला.

आईला तेवढं दिसलं की मी हसत नाही. तिने मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दिश्ट काढली. मग सातेरीच्या देवळात देवीचा कौल घ्यायला प्रसाद लावला. तो उजवा, म्हणजे शुभ, आला तेव्हा आईने तिथेच, भटांसमोर, पदराने डोळे पुसले. मला त्यात काही गैर वाटत नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिने केलं, आणि माझ्यासाठी कोणीतरी देवाकडे गाऱ्हाणं घालतंय हे त्या दिवसांत मला कळलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक होतं.

मला कोणी विचारलंच नाही असं मी म्हणणार नाही. उपकेंद्राची एएनएम, म्हणजे गावातली सरकारी नर्स, घरी आली होती. तिने बाळाचं वजन घेतलं, बेंबी बघितली, डोळे बघितले, माझे टाके विचारले, आणि पिशवी आवरता आवरता म्हणाली, ‘आनी तूं बरी मगो?’ आई दारात उभी, वहिनी चहा घेऊन आलेली, भाऊ बाहेर सोप्यावर. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, ‘तिका कितें जातलें? जेवता, खाता, बरी आसा.’ मी मान हलवली. जी आई आपल्यासाठी रात्रंदिवस खपते आहे तिच्या देखत ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे कोणती मुलगी बोलेल? सासरी असते तर सासूच्या देखत बोलले असते का? प्रश्न बरोबर होता. माणसंही बरोबर होती. पण तो प्रश्न चारचौघांत विचारला गेला, आणि चारचौघांत त्याला एकच उत्तर असतं.

सहा आठवड्यांच्या लसीला आरोग्य केंद्रात गेलो. बाळाला टोचलं, थेंब पाजले, ती रडून रडून आईच्या खांद्यावर निजली. तिथल्या डॉक्टर माझ्याहून लहान असतील. त्या आईला म्हणाल्या, ‘बाळाला घेऊन तुम्ही बाहेर बसा, हिचे टाके बघायचे आहेत.’ दार लावलं. टाके बघितले, बरे होते. मग खुर्ची टेबलाच्या पलीकडे न ठेवता माझ्या बाजूला ओढली आणि म्हणाल्या, ‘बाळाचें जालें. आतां तुजें सांग.’

त्यांच्याकडे दहा प्रश्नांचा कागद होता, कोकणीत. ही प्रश्नावली एडिनबरोची. जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1987 साली खास बाळंतिणींसाठी तयार केली, आणि आज जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दलचा असतो. हसण्यासारख्या गोष्टीवर हसू येतं का, पुढच्या दिवसांची ओढ वाटते का, काही बिघडलं की विनाकारण स्वतःलाच दोष देता का, कारण नसताना भीती वाटते का, कामं अंगावर येतात का, मन इतकं खिन्न असतं का की झोपही उडते. प्रत्येकाला चार उत्तरं, 0 ते 3 गुण, सगळे मिळून 30. यात भूक किती, थकवा किती असले प्रश्न फारसे नाहीत, कारण दमणं तर प्रत्येक ओल्या बाळंतिणीच्या वाट्याला असतंच. गुण जास्त आले म्हणजे आजार आहेच असं नाही, पण नीट तपासायला हवं एवढं नक्की ठरतं.

पहिल्या प्रश्नालाच माझा घसा दाटला. डॉक्टरांनी घाई केली नाही. बाहेर लसीची रांग होती, कोणीतरी दार ठोठावून गेलं, त्या ‘थांबा’ एवढंच म्हणाल्या. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. मी म्हटलं, ‘केन्ना केन्ना’, कधी कधी. मी नसले तर बाळाला दुसरी, बरी आई मिळेल, असं मला खरोखर वाटत होतं आणि ते मी कोणाजवळ बोलले नव्हते. त्या दचकल्या नाहीत, रागावल्या नाहीत, ‘इतकं गोड बाळ असताना असं काय’ असंही म्हणाल्या नाहीत. असे विचार किती वेळा येतात, काही करायचं ठरवलं आहे का, रात्री जवळ कोण असतं, हे सरळ विचारलं. मग म्हणाल्या, हा आजार आहे आणि तो बरा होतो. नवऱ्याला सांगू का, हे त्यांनी आधी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर माझ्यासमोरच फोन लावला. टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. तो फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. आणि बांबोळीच्या मनाच्या इस्पितळात पाठवण्याची चिठ्ठी लिहिली.

बरं वाटायला लागल्यावर मी या विषयावर वाचत सुटले, तेव्हा समजलं की हे सगळं गोव्यातच, कधीचं तपासून झालं आहे. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांचा अभ्यास 2002 साली छापून आला. त्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा इस्पितळात येणाऱ्या 270 बायांना गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पुन्हापुन्हा भेटून विचारलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के बायांना नैराश्य होतं. त्यांतल्या 78 टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं. आणि मुलगा की मुलगी यानेही फरक पडत होता. हे वाचताना मला सटीच्या रात्रीची काकी आठवली, आणि शेवटच्या दोन महिन्यांतली पहाटेची धडधडही.

म्हणजे जवळजवळ चारांतली एक. आमच्या वॉर्डात समोरासमोर दोन रांगा होत्या. त्या खाटांवर माझ्यासारख्या आणखी कोण होत्या हे मला कधीच कळणार नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

बांबोळीची मानसोपचार संस्था, आयपीएचबी, मेडिकल कॉलेजपासून जवळच आहे. नाव ऐकूनच आईचा चेहरा उतरला. तिच्या पिढीत तिथे गेलेलं माणूस म्हणजे वेडं, एवढंच माहीत. नवऱ्याने कुंडईच्या कारखान्यात शिफ्ट बदलून घेतली आणि आई, तो आणि मी असे तिघं पणजीच्या स्टँडवर बस बदलून गेलो. बाळ माझ्याजवळच होतं. केस पेपर काढला, बाकावर बसलो. शेजारी एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली होती, पलीकडे एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. सगळी आपल्यासारखी माणसं. आई हळूहळू सैल झाली, तिने त्या मुलीच्या आईला गावही विचारलं.

आत डॉक्टरांनी बराच वेळ घेतला. आधी मला एकटीला, मग नवऱ्याबरोबर. पूर्वी कधी असं झालं होतं का, घरात कोणाला झालं होतं का, कोणी मारतं का, पैशाचं कसं आहे. कानात आवाज येतात का, नसलेलं काही दिसतं का, हेही विचारलं. त्याचं कारण नंतर समजावलं: हजारात एकदोन बाळंतिणींना याहून तीव्र आजार होतो. त्यात बाई भलतंसलतं बोलते, झोपेशिवाय फिरत राहते, बाळाबद्दल विचित्र समजुती धरते. तिला त्याच दिवशी इस्पितळात न्यावं लागतं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. मग रक्त तपासायला दिलं. बाळंतपणानंतर कधीकधी थायरॉइड बिघडतं, रक्त कमी असतं, आणि दोन्हींमुळे माणूस असाच खचतो, म्हणून ते आधी बघायचं.

माझी सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती. मी विचारलं, ‘मला इथे ठेवून घेणार? आणि बाळ?’ ठेवून घ्यायची गरज नव्हती. पण डॉक्टर म्हणाल्या की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे: बाईला दाखल करावं लागलं तरी तिच्या तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून तोडायचं नाही. बाळाला तिच्या आजारामुळे धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरतं. हे मला आधी माहीत असतं तर बांबोळीपर्यंतचा रस्ता एवढा जड गेला नसता.

सर्ट्रालिनची कमी मात्रेची गोळी सुरू केली. अंगावर पाजत राहायला सांगितलं. हे औषध दुधातून बाळाकडे फार थोडं जातं आणि पाजणाऱ्या आयांना बरीच वर्षं दिलं जातं. सुरुवातीला मळमळेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडायची नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची आणि बंद करायची ती त्यांच्या सांगण्यानेच, हळूहळू. सवय लागेल का, असं आईने विचारलं. नाही लागत, असं त्यांनी कोकणीत, शांतपणे सांगितलं. दिश्ट आणि प्रसादाचं आईने घाबरत घाबरत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘तें करात, पूण गुळी चुकोवं नाकात.’

गोळीइतकाच उपयोग झाला तो झोपेच्या व्यवस्थेचा. समुपदेशक बाईंनी नवऱ्याला समोर बसवून विचारलं, रात्री बाळ कोणाचं? तो गप्प. मग ठरलं की सुट्टीच्या आदल्या रात्री तो माहेरी येऊन राहणार, बाकीच्या रात्री आई, आणि मला सलग चार-पाच तास कोणी उठवायचं नाही. दूध काढून ठेवायला मला तिथेच शिकवलं. पहिल्या रात्री तो मांडी घालून बसला, बाळाचं डोकं कोपरात, वाटी गुडघ्यावर, आणि चमचा तिच्या ओठाला टेकवून थांबायचा, ती जीभ बाहेर काढेपर्यंत. अर्धं दूध तिच्या मानेवरून ओघळलं. मी दाराआडून बघितलं आणि जाऊन झोपले.

गणेश चवथीला सासरच्या मूळ घरी गेलो. गोळ्या सुरू होऊन थोडेच आठवडे झाले होते. गणपतीवर टांगलेल्या माटोळीला तोरिंगं, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, कांगलां बांधलेली, घुमट-शामेळ घेऊन आरतीला सगळा वाडा जमलेला, आणि मी खांबाला टेकून उभी, अजून तशीच कोरडी. त्या वेळी नवऱ्याने येऊन एवढंच म्हटलं, ‘डॉक्टरांनी सांगितलंय वेळ लागेल.’ सासूबाईंना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. नेवऱ्या तळायला मला कोणी बोलावलं नाही, आणि त्यावरून कोणी बोललंही नाही. जावेने माझं ताट खोलीत आणून दिलं.

बदल कधी झाला याची तारीख सांगता येत नाही. एके सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला आणि वाटलं, त्याच्याकडची गरम पोळी खावी. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी हवं झालं होतं. मग संध्याकाळचा गोळा कमी झाला. समुपदेशक बाई दर खेपेला छोटी कामं नेमून द्यायच्या: तुळशीपर्यंत जाऊन यायचं, एका मैत्रिणीला फोन करायचा, केस धुवायचे. मनात आलं तर नव्हे, मनात नसलं तरी. माया मात्र सावकाश आली, बाळ ओळखून हसायला लागल्यावर.

आता मला जे वाटतं ते लिहिते. प्रत्येक गरोदर बाईला आणि प्रत्येक बाळंतिणीला हे दहा प्रश्न विचारले जायला हवेत, आणि विचारताना तिच्याबरोबर आलेलं माणूस, मग ती आई असो, सासू असो की नवरा, बाहेर असायला हवं. गरोदरपणात विचारणं तर जास्तच महत्त्वाचं, कारण बहुतेकींचं दुखणं तिथेच सुरू झालेलं असतं. यासाठी वेगळी इमारत लागत नाही. एक दार लागतं आणि दहा-पंधरा मिनिटं. डॉक्टरांना ती मिनिटं नसतात हे मी रांगेत बसून पाहिलं आहे. पण हे काम डॉक्टरांनीच करायला हवं असं नाही. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने नैराश्य असलेल्या 280 गरोदर बायांबरोबर केलेल्या कामाचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. त्यात गावातल्याच, स्वतः आई असलेल्या बायांना शिकवून सखी म्हणून घरोघर पाठवलं होतं. सखी मिळालेल्या गटात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या बाया जास्त होत्या. आमच्या वाड्यावर अशी सखी असती तर शेवटच्या दोन महिन्यांतच कोणीतरी माझ्याजवळ बसलं असतं.

आमच्या केंद्रातल्या त्या डॉक्टरांना मी जाऊन भेटले. लसीच्या दिवशी आजींना आणि बाळांना बसवायला बाहेर सावलीत बाक टाकता येतील का, असं विचारलं. त्यांनी टाकले. जमेल त्या लसवारी मी तिथे जाते, बाळं सांभाळते, आजींशी बोलत बसते, आणि आत एकेकीला बोलावलं जातं. वहिनीला आता पाचवा महिना लागला आहे. तिचे दहा प्रश्न गेल्या महिन्यात विचारून झाले, आई बाहेर बाकावर बसली होती.

माझी गोळी डॉक्टरांनी कमी करत आणून बंद केली. एकदा असं झालं की पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याचा संभव जास्त असतो, म्हणून दुसऱ्या खेपेला पहिल्याच तपासणीत हे सांगायचं, असं त्यांनी केस पेपरावर लिहून दिलं आहे. त्याची एक झेरॉक्स सासरी आहे, एक आईकडे.